देखभाल चालू आहे

आईचा फोन बंद पडला तेव्हा बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि आईच्या मते दोन्ही बिघाड एकाच जातीचे होते. आदल्या दिवसापर्यंत सगळं व्यवस्थित चालू होतं आणि कुणी काही सांगितलं नाही.

मी माझ्या घरी परतून दोनच दिवस झाले होते. दादा तर पहिल्या आठवड्यातच परत गेला होता. तो विमानानं पाच तासांवर राहतो, आणि इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला काळजी करायला भरपूर वेळ मिळतो. त्या दिवशी त्यानं आईला सतरा वेळा फोन केला. सतराव्या वेळी त्यानं आईच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांना गाठलं, आणि ते बिचारे होते त्या कपड्यांत, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर धावले. दार फोडावं लागलं तर, म्हणून. स्क्रू ड्रायव्हरनं दार फुटत नाही हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. आयुष्यभर त्यांनी सगळी दारं किल्लीनं उघडली होती.

आईनं दार उघडलं. नुकतेच धुतलेले केस, डोक्याला टॉवेल.

"काय हो, काही दुरुस्त करायचंय का?" तिनं विचारलं. "ते नाहीत आता."

मग त्यांच्याच फोनवरून तिनं मला कळवलं, "माझा फोन गेला. उद्या दुकानात नेतेय. वेळ असेल तर ये, नसेल तर नको."

वेळ नव्हता. मी गेले.

कोपऱ्यावरचा मोबाइलवाला बाबांना ओळखत होता, म्हणजे घाबरत होता. आईनं रुमालात गुंडाळलेला फोन काउंटरवर ठेवला.

"काय झालं, काकू?"

"मेला."

"पडला का? पाण्यात वगैरे?"

"कुठं काही नाही. टेबलावर होता. बसल्या जागी गेला."

बाबाही खुर्चीत बसल्या जागीच गेले होते, त्यामुळे मी भिंतीवर टांगलेली कव्हरं बघू लागले. बरीच नवी आली होती.

मोबाइलवाल्यानं फोनचं पारदर्शक कव्हर काढलं. आतून एक छोटं, बारीक रेघा मारलेलं कार्ड पडलं. बाबांचं अक्षर. मी ते उचललं आणि न वाचता पर्समध्ये टाकलं. मी एका प्रकाशन संस्थेत हस्तलिखितं तपासायचं काम करते. समोर आलेला मजकूर न वाचता बाजूला ठेवायची सवय मला नाही. त्या दिवशी मात्र ठेवला.

त्यानं फोनला वायर लावली. पडद्यावर एक रिकामी बॅटरी उमटली.

"चार्जिंग संपलंय, काकू."

"ह्याचं चार्जिंग संपत नाही."

"सगळ्यांचंच संपतं."

"ह्याचं नाही संपत. सहा वर्षं वापरतेय. एकदाही संपलेलं नाही."

मोबाइलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आईनं आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि तिघांनाही ते एकदमच कळलं असावं.

बाबा पहाटे साडेपाचला उठायचे. स्वतःचा चहा टाकायच्या आधी ते आईच्या उशाजवळचा फोन उचलून बाहेर नेत, चार्जरला लावत, ऐंशी टक्के झाला की काढत आणि परत उशाजवळ ठेवत. चाळीसच्या खाली उतरू द्यायचा नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. आई साडेसहाला उठे, तेव्हा तो जागच्या जागी असे. इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं तिला चार्जर माहीत होता. तो घरात कुठंतरी आहे. आपला त्याच्याशी संबंध नाही.

मधले एकोणीस दिवस मी तिथंच होते, आणि झोपताना सगळ्यांचे फोन हाताला येतील तसे प्लगला लावत होते. तिचाही. म्हणजे बाबांच्या नंतर ही नोकरी मी केली होती आणि मग कुणाला न सांगता सोडून आले होते.

"काका रोज लावत असणार," मोबाइलवाला हळूच म्हणाला.

"मला कधी बोलले नाहीत."

"मलापण नाही बोलायचे. मी केलेलं काम इथंच उघडून बघायचे फक्त. ते येणार असले की मी आधी काउंटर पुसून घ्यायचो."

घरी परतताना मला राहवलं नाही. "आई, सहा वर्षं तुला वाटलं तरी काय? हवेवर चालतो?"

"तुझ्या बाबांना चाळीस वर्षं वाटत होतं की शर्टाची बटणं तुटत नाहीत," ती म्हणाली. "विचार त्यांना, कधी तुटलेलं बघितलंय का."

आई तीस वर्षं शिवणकामाचे वर्ग चालवायची. डोळे मिटून मशीनमध्ये दोरा ओवेल. सैल झालेलं बटण ती गळायच्या आधी लावून टाकायची. विचारायला कुणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी दादानं व्हिडिओ कॉलवर कुटुंबाची बैठक बोलावली. कुटुंब म्हणजे आता आम्ही तिघं. पडद्यावर त्याचं कपाळ तेवढं दिसत होतं. कॅमेरा कुठं असतो हे त्याला अजून जमलेलं नाही, आणि बाबांनी त्याबद्दल त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

"आई, तू आता एकटी राहायचं नाहीस," कपाळ म्हणालं. "माझ्याकडे ये, नाहीतर हिच्याकडे जा. तिसरा पर्याय नाही."

"तिसरा हे घर आहे."

"फोन चार्ज करता येत नाही तुला."

"तुला बटण लावता येतं?"

"बटण नाही लावलं तर माणूस मरत नाही, आई."

"फोन चार्ज केला म्हणून जगतो असंही काही नाही," आई म्हणाली. "ते गेले तेव्हा त्यांच्या खिशातला फोन सत्तर टक्के होता."

कपाळाला आठ्या पडल्या. मी मध्ये पडले, आणि मध्ये पडणाऱ्यांचं होतं तेच झालं. तोडगा मी सुचवला असं ठरलं. एक महिना. महिनाभरात आईचा फोन एकदाही बंद पडला नाही तर विषय संपला, ती तिथंच राहील. पडला तर त्याच दिवशी मी तिची बॅग भरायची आणि तिला माझ्याकडे आणायची. माझ्याकडे म्हणजे दीड खोलीत, जिथं अर्ध्या खोलीत हस्तलिखितं राहतात.

"चालेल," आई म्हणाली. तिनं कपाळाकडे पाहिलंही नाही. ती खिडकीतल्या कुंड्या, शिवणाचं मशीन आणि बाबांची खुर्ची अशी एकेक वस्तू बघत होती, मोजणी करावी तशी. "चालेल. पण नंतर पुन्हा विषय काढायचा नाही."

चार्जर शोधायला मी बाबांचं कपाट उघडलं.

बाबा चौतीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. प्रत्येक लिफ्टच्या आत एक कार्ड टांगलेलं असतं, त्यावर देखभालीची तारीख, काय केलं, पुढची तारीख आणि दोन सह्या असतात. एक काम करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. निवृत्त झाल्यावर त्यांना लिफ्ट मिळेनात, म्हणून त्यांनी घरातल्या लॅपटॉपला, दोन्ही फोनना, इस्त्रीला आणि टीव्हीच्या रिमोटला कार्डं केली. कपाटात चार्जर होते, प्रत्येकाला चिकटपट्टीवर नाव लिहून. मऊ फडकी, लाकडी टूथपिकांची डबी (चार्जिंगच्या भोकातली धूळ काढायला धातूचं काही वापरायचं नाही, यावर ते अर्धा तास बोलू शकत) आणि लॅपटॉपखाली ठेवायची लाकडी पट्ट्यांची बैठक. लॅपटॉप गादीवर ठेवलेला दिसला की ते बोलायचे नाहीत. येऊन उचलायचे, पट्ट्यांवर ठेवायचे आणि म्हणायचे, "श्वास घेऊ दे त्याला."

तो लॅपटॉप त्यांनी अकरा महिने निवडत घालवला. शेवटच्या दुकानात मी सोबत होते. विक्रेता मेमरी सांगत होता, प्रोसेसर सांगत होता, आणि बाबा एका बोटानं झाकण उघडत होते, मिटत होते. उघडत होते, मिटत होते. मी दीडशेपर्यंत मोजलं.

"काका, आत काय आहे ते तर बघा."

"आतलं सगळं बदलता येतं," बाबा म्हणाले. "लिफ्ट कुठं बिघडते माहितेय? दारात. दहातले आठ बिघाड दारात. ह्याचं दार हे आहे."

त्याला नऊ वर्षं झाली. आतली बॅटरी, डिस्क, पंखा, सगळं एकेकदा बदलून झालं. बिजागरी अजून एका बोटानं उघडते.

त्या कपाटासमोर मी बराच वेळ उभी होते. मग 'सौ.' असं लिहिलेला चार्जर घेऊन आईला दिला आणि कुठं, कसा, किती वेळ लावायचा ते कागदावर लिहायला लागले.

"चित्रपण काढ," आई म्हणाली. "कमी वाटतंय."

मी कागद फाडला.

दादानं आम्हा दोघांच्या फोनवर एक ॲप टाकलं. त्यात आईचा फोन चालू आहे की बंद, आणि किती टक्के आहे, हे दिसायचं. आईच्या परवानगीनं. ती म्हणाली, "टाका. अंगाचा ताप मोजायला तर कुणी येत नाही, निदान एवढा तरी मोजा."

पुढचे पंचवीस दिवस मी लेखकांची प्रकरणं आणि आईची बॅटरी आळीपाळीनं वाचत होते. दादा नुसता आकडा पाठवायचा. '४४'. मी लिहायची, 'दिसलं.' '३९'. 'दिसलं रे.' '३९ अजूनही.' वर्षातून दोन वाढदिवसांना बोलणारी आम्ही भावंडं दिवसातून नऊ वेळा बोलू लागलो. आईच्या गुडघ्याबद्दल किंवा झोपेबद्दल चकार शब्द नाही. फक्त टक्के. एकदा मी संपादकांच्या बैठकीत 'अरे, सदुसष्ट' असं मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी पान सदुसष्ट उघडलं.

आईला या सगळ्याची गंमत लवकरच कळली. दादाशी वाजलं की ती पुतळ्यासारखी बसून विणकामाचे व्हिडिओ लावायची आणि फोन उतरवायची. तीस. बावीस. सतरा. दादाचे संदेश लांब होत जायचे. बारा झाले की वहिनी मला फोन करायची, "अहो, तुमच्या आईला सांगा ना, हे जेवत नाहीयेत." अकराला आई चार्जर लावायची.

"तुला कळतंय ना तू काय करतेयस?" मी तिला विचारलं.

"त्याचं रक्त फिरतं ठेवतेय," ती म्हणाली. "दिवसभर खुर्चीत असतो तो."

पण एरवी आकडा चाळीस ते ऐंशीच्या मधेच असायचा. सकाळी साडेसहाला बरोबर ऐंशी. म्हणजे साडेपाचला कुणीतरी उठत होतं.

सव्विसावा दिवस शनिवार होता. दहा वाजून तीन मिनिटांनी मी एका कादंबरीतला अपघात तपासत होते. लेखकानं त्यात माणूस दोनदा मारला होता, एकदा पान नव्वदवर आणि एकदा एकशे चारवर. दादाचा संदेश आला. आकडा नव्हता.

'बंद.'

मी ॲप उघडलं. आईच्या नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी झाला होता. दोन मिनिटं आधी तो एकोणऐंशी होता. एकोणऐंशीवरून कुणाचं चार्जिंग संपत नाही. मी फोन लावला. बंद. बँकवाल्यांना लावला, ते दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून बसले होते आणि फोन त्यांच्या सुनेनं घेतला.

मी पर्स उचलली. संपादक म्हणाले, "नव्वदवर मारायचा की एकशे चारवर?" मी म्हटलं, "तुम्हीच ठरवा," आणि निघाले.

बसला एक तास दहा मिनिटं लागतात. दादाचे संदेश येत राहिले. 'ठरलं होतं.' मग, 'बॅग भर तिची.' मग, 'मी तिकीट बघतोय.' मग बराच वेळ काही नाही. मग, 'बाबांच्या वेळीही मी असाच फोन करत होतो.' बाबांच्या वेळी मीही करत होते. त्यांनी उचलला नाही, आणि मला वाटलं होतं, लॅपटॉप साफ करत असतील.

बसमध्ये मी बॅगेचा विचार करायला घेतला. दुसरा विचार नको होता म्हणून. उन्हाळी कपडे, गोळ्या, चष्मे. मशीन कसं न्यायचं. कुंड्या कुणाला द्यायच्या. खुर्ची. खुर्चीपाशी आल्यावर मी परत कपड्यांपासून सुरुवात केली.

तीन जिने मी धावत चढले. आईच्या दाराच्या मुठीला काहीतरी टांगलं होतं. पत्र्याची पिवळी पाटी, दोन भोकांत दोरी, लाल अक्षरं.

देखभाल चालू आहे. कृपया जिना वापरावा.

मी जिन्यानंच आले होते. धाप लागलेली, हात घंटीवर. ती पाटी मी तीस वर्षांत पाहिली नव्हती, पण तिच्या डाव्या कोपऱ्यातला पोचा मला आठवत होता. मी घंटी वाजवली नाही. किल्लीनं दार उघडलं.

आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. टेबलावर जुना टॉवेल पसरला होता, त्यावर तिचा फोन, बाबांचा फोन, लॅपटॉप, रिमोट असं सगळं एका रांगेत, बंद. नाकावर बाबांचा भिंगाचा चष्मा, हातात टूथपिक. तिनं वर पाहिलं. चष्म्यामागं तिचे डोळे लिंबाएवढे दिसत होते.

"तू कशी काय?"

समोर बाबांची खुर्ची होती. मी तिच्यातच बसले.

"फोन बंद आहे तुझा."

"हो. देखभाल आहे आज." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बारापर्यंत. अजून चाळीस मिनिटं आहेत."

"आई, सव्विसावा दिवस आहे. महिन्याला चार दिवस राहिलेत. दादानं तिकीट काढलं असेल एव्हाना."

"मग मी काय करू? तारीख आजची आहे. मी नाही ठरवलेली." तिनं हात पुढे केला. "कार्ड तुझ्याकडेच असेल. दुकानातून आल्यापासून सापडत नाहीये. मी लॅपटॉपच्या कार्डावरून तारीख घेतली."

कार्ड पर्समध्येच होतं, सव्वीस दिवस. मी ते आता वाचलं. सहा वर्षांच्या ओळी होत्या. तारीख, 'दोन तास पूर्ण बंद. सफाई. तपासणी', पुढची तारीख. दर आठ आठवड्यांनी एक शनिवार. शेवटची ओळ ते जायच्या नऊ दिवस आधीची होती आणि तिच्यासमोर पुढची तारीख म्हणून आजचा शनिवार. प्रत्येक ओळीला दोन सह्या. काम करणाऱ्याच्या खाली बाबा. तपासणाऱ्याच्या खाली आई.

"दोन तास कशाला लागतात?" मी विचारलं. राग कुठं ठेवावा हे कळत नव्हतं म्हणून. "मोबाइलवालाही सांगेल, दोन मिनिटं बंद केला तरी पुरतो."

"त्यांनाही माहीत होतं ते."

"मग?"

आईनं टूथपिक खाली ठेवली. "लिफ्टवाल्याच्या घरी फोन कधी थांबतो का? कुणी अडकलं की फोन. जेवताना फोन, अंघोळीत फोन. नाही म्हणता यायचं नाही, माणूस आत अडकलेला असतो. मग त्यांनी कचेरीत लिहून दिलं, घरचं यंत्र दर चार आठवड्यांनी दोन तास देखभालीसाठी बंद राहील. साहेबांनी सही केली. कुणीच विचारलं नाही की टेलिफोनला कसली आलीय देखभाल."

"दर चार?"

"तेव्हा चार. रिसीव्हर काढून टॉवेलवर ठेवायचे, पाटी लावायचे. नंतर नंतर आठ पुरायचे." तिनं चष्मा काढून फडक्यानं पुसला. "यंत्रं सुधारली."

मला आठवलं. शनिवार सकाळ, दादाच्या हातात माझा हात, आणि बाबा सांगायचे, 'वाचनालयात जाऊन बसा, बारा वाजता या, आधी नको.' मी त्या वाचनालयातलं मुलांचं कपाट संपवलं, मग मोठ्यांचं सुरू केलं. मुलाखतीत मला एकदा विचारलं होतं की वाचनाची गोडी कुणी लावली. मी शाळेतल्या बाईंचं नाव सांगितलं होतं. ते दुरुस्त करायला हवं.

"आम्ही वाचनालयात असताना तुम्ही..." मी म्हटलं आणि थांबले.

"चहा प्यायचो," आई म्हणाली. "आणखी काय काय. तू तपासणीस आहेस का पोलीस?"

आम्ही दोघी हसलो. मला माझ्या हसण्याचा आवाज नवा वाटला, कारण बरेच दिवस वापरला नव्हता. माझा फोन पर्समध्ये वाजत होता, दादाचा. आईनं पर्सकडे पाहिलं.

"तो पण आण इकडे. काच तडकलीय, किती टक्के आहे?"

"नऊ."

"आणि माझ्यावर पाळत ठेवता."

मी फोन उचलला. दादाला सांगितलं, ती ठीक आहे, समोर बसलीय, बारा वाजता बोलेल. तो काहीतरी म्हणत होता तेवढ्यात नऊ टक्क्यांनी दगा दिला. आता त्या घरातले तिन्ही फोन बंद होते. आईनं चहा टाकला. आम्ही चहा प्यालो. खिडकीतून कुंड्यांवर ऊन आलं होतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या कुणाला सोडवायचं नव्हतं.

"त्यांचंही कार्ड केलं होतं मी," आई मध्येच म्हणाली.

"कुणाचं?"

"ह्यांचं. मागच्या वर्षी, छातीत भरून आल्यासारखं झालं तेव्हा. महिन्यातून एकदा रक्तदाब, सहा महिन्यांतून एकदा डॉक्टर. तारखा घातल्या, औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलं."

"मग?"

"सगळ्या रकान्यांत सह्या आहेत त्यांच्या. वेळच्या वेळी." तिनं कप बशीत ठेवला. "गेले एकदाही नाहीत. डॉक्टरांनीच सांगितलं नंतर. चौतीस वर्षांत एका लिफ्टला खोटी सही केली नाही त्यांनी, आणि मी तपासायचं सोडून भरवसा ठेवला."

मी दोन्ही कप विसळायला नेले.

बारा वाजले. आईनं तिचा फोन चालू केला. पडदा उजळला, आणि मिनिटाच्या आत तो वाजला. तिनं तो टॉवेलवर ठेवूनच स्पीकर लावला.

"आई! कुठं होतीस? ठरलं होतं आपलं..."

"देखभाल होती," आई म्हणाली.

मी दादाला चांगली ओळखते. चार आठवड्यांतून एकदा माझा हात धरून तो जिना उतरायचा, आणि वाचनालयात एकही पुस्तक न उघडता घड्याळाकडे बघत बसायचा.

"शनिवार आहे का आज?" त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं.

"हो."

"पाटी लावली होतीस?"

"लावली होती की. अजून आहे दाराला."

मग तो नाक ओढल्यासारखं काहीतरी करून म्हणाला, "पण फोन बंद होता ना. अट तर तीच होती."

मी पुढे झुकले. "दादा, तिनं तारीख बघून, एकोणऐंशी टक्क्यांवर, स्वतःच्या हातानं बंद केला आणि बाराच्या ठोक्याला चालू केला. माझा मघाशी तुझ्याशी बोलता बोलता मेला. बॅग भरायची तर माझी भर."

"तुला तिच्यासोबत राहायला जायचंय का?"

"मला कुणी घेणार नाही. तडकलेली आहे मी."

आई हसली. दादाही, उशिरानं.

"पुढची कधीची आहे?" त्यानं विचारलं. "लिहून ठेवतो. त्या दिवशी दहा ते बारा फोन करणार नाही."

आईनं कॅलेंडर बघून तारीख सांगितली. तो पुन्हा म्हणून दाखवत लिहून घेताना ऐकू आलं. तिकिटाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. फोन ठेवताना तो म्हणाला, "बाकीचे दिवस आकडा बघणार मात्र."

"बघ," आई म्हणाली. "आज संध्याकाळी उतरवणारच आहे."

मग तिनं कार्ड पुढ्यात ओढलं, चष्मा लावला आणि आजची ओळ भरली. काम करणारा, या रकान्याखाली सहा वर्षांत पहिल्यांदा तिची सही होती. शेजारचा रकाना रिकामा. तिनं कार्ड माझ्याकडे सरकवलं आणि पेन दिलं.

मी सही करायला पेन टेकवलं.

"हं," आई म्हणाली. "आधी तपास."

मी पेन ठेवलं. फोन हातात घेतला. चार्जिंगचं भोक उजेडाकडे धरून बघितलं. कॅमेऱ्याची काच बघितली, आवाजाची बटणं दाबून बघितली, कव्हर काढून मागची बाजू बघितली. आई हाताची घडी घालून, चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. स्पीकरच्या जाळीत एक धागा अडकला होता, निळा, शिवणाचा.

"हा राहिलाय," मी म्हटलं.

"कुठं? दाखव." तिनं बघितलं आणि टूथपिक उचलली. "बरं झालं सही नाही केलीस."